पिल्लांवरची मरळ

श्रावणाचा शेवटचा दिवस, पिठोरी अमावास्या, आणि चांगुणाबाईच्या मोरीतल्या निळ्या ड्रमात हातभर लांबीची मरळ जिवंत फिरत होती. उद्या सकाळपर्यंत तिच्या अंगाला विळी लावायची नव्हती. श्रावण पाळायचा म्हणजे शेवटपर्यंत पाळायचा, त्यात चांगुणाबाई कुणाचं ऐकणारी नव्हती. पण धरून ठेवायला कुणी मनाई केली होती? धरणं म्हणजे खाणं नव्हे. देवाला एवढं कळत असणारच, आणि नसेल कळत तर चांगुणाबाई समजावून सांगायला तयार होती.

देवाचं ठीक होतं. भीती होती ती पोटच्या पोराची.

तिचा राजेंद्र बोरीच्या तळ्यावर राखणदार होता. बदलापूरच्या टोकाला, जिथे इमारती संपल्या असं वाटतं आणि वळणावर पुन्हा दोन टॉवर उभे दिसतात, तिथे हे तळं. अंबरनाथच्या एमआयडीसीतली त्याची कंपनी बंद पडली तेव्हा तो घरी बसला, ठरत आलेली सोयरीक मोडली, आणि पोरगा तोंड चुकवून फिरायला लागला. मग हौशी गळवाल्यांचं मंडळ निघालं. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये गळाच्या काठ्या विकणारा मुकेश शेठ त्यांचा पुढारी. त्यांनी गावाकडून तळं सांभाळायला घेतलं, गळ टाकायचे पास काढले, गावकऱ्यांनाही दिले आणि राजेंद्रच्या डोक्यावर हिरवी टोपी ठेवली.

चांगुणाबाईने ती टोपी पहिल्या दिवशी देवापुढे ठेवली आणि मग आळीतल्या एकेका बाईला काही ना काही निमित्त काढून दाखवली. "सरकारी नाय," ती म्हणायची, "पन साहेब लोक त्याला इचारल्याशिवाय पान्यात गळ टाकत नाय." टोपीपायी अंबरनाथहून एक स्थळही पुन्हा चौकशी करून गेलं होतं.

टोपी तिला आवडली. टोपीबरोबर आलेले नियम आवडले नाहीत.

उन्हाळ्यात मंडळाने गावाला तळ्यावर बोलावलं होतं. चांगुणाबाई पुढे जाऊन बसली, कारण मागे बसायची तिला सवय नव्हती. मुकेश शेठ उभा राहून सांगत होता, "बघा, छोटा मासा आला तर वापस सोडायचा. गळाला उलटा काटा नको, त्याने तोंड फाटतं, मग सोडून पण काय फायदा? गळाची दोरी, तंगूस, तुटली तर गोळा करून घरी न्यायची, पाण्यात नाय टाकायची, बगळ्याच्या पायात अडकते. आणि आषाढ लागला की दसऱ्यापर्यंत पाणी बंद. मच्छीचा अंडी घालायचा टाइम असतो."

"आनि आमची भूक? ती पन दसऱ्यापर्यंत बंद ठेवायची का शेठ?"

सगळे हसले. मुकेशही हसला. राजेंद्र मात्र टोपी सरळ करत आईकडे बघत राहिला.

"अम्मा, तुमची भूक चालू ठेवा," मुकेश म्हणाला. "पण एक नियम सगळ्यांत मोठा. पिल्लांवरची मरळ कोणी धरायची नाय. बारा महिने नाय. धरली तर पास गेला वर्षभर, मग तो कोणी पण असो."

चांगुणाबाईने पदराआड तोंड वाकडं केलं. पिल्लांवरची मरळ म्हणजे काय हे तिला शेठने शिकवायला नको होतं. मरळ अंडी घालते, पिल्लं निघतात, आणि ती लाल पिल्लं पाण्याच्या वरच्या अंगाला घोळक्याने फिरतात, जशी कुणी मूठभर कुंकू टाकावं तशी. खाली मरळ राखण करत असते. भुकेली मरळ माणसाला दिवसभर खेळवते, पण पिल्लांवरची मरळ भुकेने येत नाही, रागाने येते. लाल घोळक्यावर गळ नाचवला की पहिल्या झटक्याला अंगावर धावून येते आणि अडकते. तिचा नवरा, बबन, होता तोवर अशाच मरळी आणायचा. गावातले सगळे अशाच आणायचे. यात चूक असते हे कुणी कधी बोललंच नव्हतं.

तरी ती दसऱ्यापर्यंत थांबली असती. पण मनाली बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना, आणि पोरीच्या पोटात काही ठरत नव्हतं. वरणभात दिला की मोरीकडे धाव. जावई जितेश एमआयडीसीत रात्रपाळी करून अधूनमधून येई, सफरचंदं ठेवून जाई, ती पण तशीच सुकत. आणि मनालीने धोशा लावला होता, "आई, मरळीचा रस्सा. आपल्या तळ्यातल्या मरळीचा. दुसरं काय नको मला."

"बाजारातून आनू का गं?"

"बाजारातलीला चिखलाचा वास येतो. तूच म्हणायचीस."

म्हणायचीच चांगुणाबाई. आता स्वतःचं बोलणं स्वतःच्या गळ्यात आलं. शिवाय श्रावण उद्या सुटणार, मग हरतालिका, मग गणपती घरात, मग गौरी. मध्ये मोकळा असा उद्याचा आणि परवाचाच दिवस. उद्या रस्सा नाही झाला तर पोरगी अजून किती दिवस कोरडी राहणार?

म्हणून सकाळी राजेंद्र उल्हासनगरला गेला, मुकेश शेठच्या दुकानातून मंडळाचं सामान आणायला, तशी चांगुणाबाई बादली घेऊन अळू खुडायला म्हणून तळ्यावर गेली. काठीही लागली नाही तिला. लव्हाळ्यापाशी लाल घोळका फिरत होता. हातानेच तंगूस सोडली, गळाला पांढऱ्या चिंधीचा तुकडा. चिंधी! पाण्याला लागली न लागली तोच खालून काळं काहीतरी उसळलं. बादलीत मरळ, वर अळूची पानं, आणि चांगुणाबाई रस्त्याने ताठ मानेने घरी.

दुपारी राजेंद्र आला तो थेट तळ्यावरूनच. चप्पल न काढता ओसरीवर बसला.

"आई, लव्हाळ्यातली मरळ कुणीतरी नेली."

चांगुणाबाई पिठोरीच्या पुऱ्यांची कणीक मळत होती. तिचा हात थांबला नाही, पण कणकेत पाणी जास्त पडलं.

"गेली आसंल खोल पान्यात."

"पिल्लं सोडून जात नाय ती. मी बसलो ना बघत. पिल्लं एकटीच वर, आणि चिलापी मासे आत घुसून ओरपतायत त्यांना. खडे मारले, बांबू हलवला. कुठवर हलवणार?" त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "उद्या सकाळी मंडळ येणार आहे. त्यांच्यातल्या किर्ती मॅडम खास ती पिल्लं बघायला येणार. आधीच दोघेतिघे म्हणतायत, गावचा राखणदार नको, एजन्सीचा गार्ड ठेवा. गावचा माणूस गावाला सामील असतो म्हणे."

"कोन बोलतो आसा? नाव सांग."

"नाव काय करायचंय? खरंच निघालं ना त्यांचं."

तेवढ्यात मोरीतून आवाज आला. धप्प.

"काय वाजलं?"

"घूस," चांगुणाबाई म्हणाली. "मेली परवापासनं मातलीय."

तो तसाच बसला, मग उठला, चहा अर्धा ठेवून पुन्हा तळ्याकडे गेला. त्याची पाठ वळल्यावर चांगुणाबाई मोरीत धावली. ड्रमाचं झाकण एका बाजूने उचललं गेलं होतं. तिने वर वरवंटा ठेवला. मग वाटलं, मरळ हवा घ्यायला वर येते, कोंडली तर मरेल, आणि मेलेली मरळ उद्यापर्यंत काय कामाची? वरवंटा काढला. पुन्हा ठेवला, जरा फट ठेवून. कणकेकडे आली, लाटायला बसली, दोन पुऱ्या वाकड्या लाटल्या, उठून पुन्हा मोरीत.

"आई, तुझं काय चाललंय?" मनाली दारात उभी. तिला सकाळीच सगळं ठाऊक होतं, तिच्यासमोरच तर बादली ड्रमात ओतली होती. "झाली ना धरून? मग गप बस की."

"दादानं काय सांगितलं ऐकलंस ना?"

"ऐकलं. दादाला नोकऱ्या हजार मिळतील. मला आज मरळ मिळालीय."

"नोकऱ्या झाडाला लागल्यात का गं?"

"मग सोडून ये जा. आणि मला परत वरणभात दे." मनालीचे डोळे भरले. हल्ली ती भात करपला तरी रडायची. चांगुणाबाईला पोरीची दया पण आली आणि दोन लगावाव्याशा पण वाटल्या.

संध्याकाळी पिठोरीची पूजा. चांगुणाबाईने चौसष्ट योगिनींचा कागद भिंतीला लावला, दिवा लावला, आणि खीरपुरीचं ताट करून पोरांना मागे बसवलं. ही पूजा आईने पोरांसाठी करायची. ताट डोक्यावर घ्यायचं, मागे न बघता विचारायचं, अतीत म्हणजे पाहुणा कोण आलाय, आणि मागून पोराने आपलं नाव सांगून वाण घ्यायचं. राजेंद्र तळ्यावरून चिखलाच्या पायांनी आला होता. न्हायला पाठवला तर मोरीत जाईल, म्हणून चांगुणाबाईने त्याला तसाच बसवला. "पाय पुस. देवीला चालतो चिखल," ती म्हणाली, आणि राजेंद्रने आश्चर्याने बघितलं, कारण या घरात देवीला आजवर कधीच चिखल चाललेला नव्हता.

तिने ताट डोक्यावर धरलं.

"अतीत कोण?"

"मी मनाली. आणि आतला पण," मनाली म्हणाली आणि दोन पुऱ्या उचलल्या.

"अतीत कोण?"

मागून काही नाही.

"अतीत कोण, रं?"

"मी राजेंद्र." आवाज असा की विहिरीतून येतोय. "आई, उद्या मी टोपी परत देणार आहे. त्यांनी काढायच्या आधी मीच देतो."

मोरीत धप्प. पुन्हा धप्प. या खेपेला पाणी सांडल्याचा आवाजही आला.

चांगुणाबाईच्या डोक्यावरचं ताट हललं आणि खीर तिच्या कानामागून मानेवर ओघळली. तिने पुसली नाही. "मोठी घूस आहे," राजेंद्र म्हणाला आणि उठायला लागला. मनालीने ओरडून पोट धरलं. "दादा, लाथ मारली! अशी जोरात! हात ठेव इथे." तो बिचारा बसला. चांगुणाबाईने लेकीकडे बघितलं. मनालीने डोळा मारला. खोटं बोलायला हिला शिकवलं कुणी, असं चांगुणाबाईच्या मनात आलं आणि लगेच गेलं, कारण उत्तर घरातच होतं.

त्या रात्री तिला झोप आली नाही एवढंच सांगायचं.

पहाटे कुठे डोळा लागला, आणि ती उठली तेव्हा राजेंद्र आंघोळही न करता निघून गेला होता. चहाचा कप कोरडा. खुंटीवरची टोपी नव्हती. मनालीने मात्र कधी नव्हे ते खोबरं भाजून वाटण तयार ठेवलं होतं, कोथिंबीर निवडली होती, आणि मोरीच्या उंबऱ्यावर विळी आणि वाटीभर राख, मरळ हातातून निसटू नये म्हणून.

"श्रावण संपला," मनाली म्हणाली.

चांगुणाबाईने झाकण काढलं. मरळ वर आली, तोंड उघडून हवा घेतली, फुप्प असा आवाज झाला, आणि पुन्हा तळाशी गेली. जबड्याच्या कडेला गळाने फाडलेलं मांस पांढरं पडलं होतं. ड्रमाच्या भिंतीला नाक लावून ती एकाच बाजूने गोल फिरत होती. फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती. सगळी रात्र हिनेही असंच केलं असणार.

चांगुणाबाईने राख हाताला लावली. मग धुतली. पुन्हा लावली.

"आता हिच्या पिल्लांसाठी रडू नकोस," मनाली म्हणाली.

"पिल्लांसाठी कोन रडतंय? माझं पोरगं तिकडं टोपी काढून देईल!" ती ओरडली. "आयुष्यात एकदा मान वर करून चालला, तर त्याच्याच आयशीनं..." पुढचं बोलली नाही. तिने बादली ड्रमात बुडवली, मरळ दोनदा निसटली, तिसऱ्यांदा आत आली. वर ओला पंचा टाकला.

"आई! माझा रस्सा!"

"शेजारच्या बनूबाईकडनं सुके सोडे आनते. सोड्याचं कालवन खा. नाय खाल्लंस तर नाकात नळी घालून पाजीन."

रस्त्यावर रिक्षा थांबेना. एक थांबली, रिक्षावाला डोकावला. "मावशी, बादलीत काय?"

"गंगा."

"गंगा उड्या मारते का? मच्छी असेल तर नको, सीटला वास येतो."

"तुझ्या सीटला आधी कुठं मोगऱ्याचा वास येतो रं? चल, डबल देते. आनि हळू नको, जोरात चल. नाय, जोरात नको, पानी सांडतंय. चल रं, बघतोस काय!"

"मावशी, एक काय ते ठरवा."

खड्ड्याखड्ड्याला बादली हिंदकळत होती, तिच्या पायावर पाणी सांडत होतं. बादलीत पाणी कमी झालं तसं मरळीचं फडफडणं वाढलं. चांगुणाबाईने पंचा दाबून धरला. टॉवरपाशी सिमेंटची गाडी आडवी लागली होती. रिक्षावाला उतरून बघायला गेला. तिने थोडी वाट बघितली, हाका मारल्या, शिव्या घातल्या, आणि मग पैसे सीटवर टाकून बादली कमरेवर घेऊन ती चालायला लागली. चालणं कसलं, धावणंच. या वयात लोकांनी बघावं असं नव्हतं ते. लोक बघत होते.

तळ्याच्या फाटकात मंडळाची माणसं उभी होती. मुकेश शेठ, चष्मेवाली किर्ती मॅडम, आणखी चारदोन. राजेंद्र त्यांच्यासमोर उघड्या डोक्याने. टोपी त्याच्या हातात होती आणि हात पुढे केलेला होता.

"थांब!" चांगुणाबाई लांबूनच ओरडली. "ती टोपी घाल डोक्यावर! कुणी घेतली तर बघा!"

सगळे वळले. तिने बादली त्यांच्या पायाशी आदळली. धाप लागली होती, पण बोलायला धाप कधी आड आली नव्हती तिच्या.

"ही घ्या तुमची मरळ. मी काढली. काल. ह्याला ठाऊक नव्हतं. हा उल्हासनगरला गेला होता तुमच्याच कामाला. चोर म्हनायचं तर मला म्हना, आनि तोंडावर म्हना."

राजेंद्रच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तो बादलीकडे बघत होता, आईकडे नाही.

"घूस," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे राखणदाराच्या घरातच?" मागून एक जण बोलला.

"ए, तू कोन? पुढे ये," चांगुणाबाई म्हणाली. तो पुढे आला नाही.

किर्ती मॅडम खाली बसली होती. "आजी, नंतर भांडा. जिवंत आहे ही. पिल्लं अजून आहेत, थोडी. चला लवकर." काठावर बादली टेकवून चांगुणाबाईने आत हात घातला तर मॅडम म्हणाली, "आधी हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचं बुळबुळीत निघून जातं, मग बुरशी धरते. राख तर अजिबात नको. राख आहे तुमच्या हाताला?"

चांगुणाबाईने हात पदराला पुसले, मग काय केलं ते कळून गुडघाभर पाण्यात शिरून दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले. लव्हाळ्याच्या पलीकडे पाण्यावर लाल ठिपके होते. कालच्यासारखी कुंकवाची मूठ नाही, चिमूटभर. तेही फुटलेले, इकडे थोडे, तिकडे थोडे. चिलाप्यांचे भोवरे उठत होते.

"आई अशी एकटी सोडून..." ती पुटपुटली.

"आईच असेल असं नाही," किर्ती मॅडम म्हणाली. "मरळीत बाप पण राखतो पिल्लं. बरेचदा तोच."

"बाप?" या परिस्थितीतही चांगुणाबाईला राहवलं नाही. "बाप बसतोय व्हय पोरांवर! आमच्यात तर कुनी बघितला नाय."

मुकेश शेठ तोंड फिरवून खोकला.

चांगुणाबाईने बादलीतली मरळ पाण्यात धरली. मरळ कलंडली. पोट वर आलं. "सरळ धरा, तोंड पुढे, सोडू नका," मागून किर्ती मॅडमचा आवाज. ती धरून उभी राहिली. पायाखालचा चिखल सरकत होता, पाठीला कळ लागली होती, मासा हातात लाकडासारखा. जा गं बये. जा रं बाबा. जो कोन आसंल तो जा. मग एकदम हातात जोर आला, शेपटीने मनगटावर फटका मारला, आणि हात रिकामे झाले. मरळ लव्हाळ्याकडे गेली की खोल पाण्याकडे, ते गढूळात कुणालाच दिसलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा राजेंद्र समोर उभा होता. टोपी डोक्यावर होती.

"तुझा पास दे."

"घरी हाय."

"संध्याकाळी जमा करायचा. तंगूस आणि गळ पण. पुढच्या वर्षी ह्याच दिवसापर्यंत तू फाटकाच्या आत यायचं नाहीस. अळू खुडायला पण नाही."

चांगुणाबाईचा हात उचलला गेला. सगळ्यांसमोर, आईला! ज्या तळ्याचा गाळ तिच्या सासऱ्याने पाटीपाटीने उपसला, त्या तळ्यावर! हात तसाच हवेत राहिला. मग तिने त्याच हाताने त्याची टोपी नीट केली, जरा जास्तच जोरात, की त्याची मान हलली.

"नियम नियम आसतो," ती मंडळाकडे वळून म्हणाली, जणू तिनेच केला होता. "एजन्सीच्या गार्डानं केलं आसतं का हे? आपल्या आयशीला?"

मुकेश शेठने कपाळाचा घाम पुसला. "नाय अम्मा. आणि तुमच्यासारखी आई असेल तर गार्ड पळून जाईल. राजेंद्र राहील. पण आता पिल्लांवर दिवसभर बसायला लागेल त्याला. मरळ परत आली का नाय, कोणाला माहीत."

बंदी म्हणजे बंदी. चांगुणाबाईने पास दिला, गळ दिला, तंगूस गुंडाळून दिली. राजेंद्र घरी तिच्याशी मोजकं बोलायचा. मीठ दे, पाणी दे, इतकंच. मनालीने सोड्याचं कालवण तोंड वाकडं करत खाल्लं आणि ते पोटात ठरलं, यावर तिचं स्वतःचंच मन नाराज होतं.

दुपारी डबा घेऊन चांगुणाबाई फाटकापर्यंत जाते. आत पाय टाकत नाही. डबा गजातून देते.

"दिसली का?"

"पिल्लं दिसतात. थोडी."

"थोडी म्हंजे किती?"

"मोजता येतात का? फिरतात."

"आनि ती? का तो?"

"पाणी गढूळ आहे आई."

"चिलाप्या?"

"आहेत. जा आता घरी."

ती जाते, आणि वळणावरून परत येते. रस्त्यावरून लव्हाळं दिसत नाही, मध्ये झुडपं आहेत. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर चढलं तर कदाचित दिसेल. ती चपला काढते, लुगडं खोचते आणि कठड्यावर चढते. खालून एक रिक्षावाला हॉर्न मारतो. आतून राजेंद्र ओरडतो, "उतर! पडशील!"

"तू पान्याकडं बघ!" ती ओरडते आणि टाचा उंचावून, डोळ्यांवर हात धरून बघत राहते.